बहात्तर तासांतली दुसरी गोळी

गर्भ राहू नये म्हणून ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. टीव्हीवरच्या जाहिरातींनी तिचं नाव घराघरांत पोचवलं आणि तालुक्याच्या गावातला कॉलेजचा मुलगाही ती नावानिशी मागतो. त्याच संबंधातून एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणूनही एक औषध आहे. तेही ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं, तेही बरीच वर्षं वापरात आहे, आणि आपल्याच देशातल्या कंपन्या ते बनवून जगाला पुरवतात. पण ते मागायला कुणी जात नाही, कारण असं काही असतं हेच माहीत नसतं. त्याला पीईपी म्हणतात.

पीईपी माहीत नसलेला माणूस कंडोम फाटल्यावर किंवा कंडोमशिवाय संबंध आल्यावर काय करतो? पहिले दोन दिवस स्वतःला समजावतो, तिसऱ्या दिवसापासून मोबाइलवर लक्षणं शोधतो आणि पुढचे दोन महिने आरशात जीभ बघत काढतो. म्हणजे ज्या तीन दिवसांत काही करता आलं असतं, ते निघून गेल्यावर त्याचं लक्ष जागं होतं. याचा दोष त्या माणसाला देण्यात अर्थ नाही. गेली तीन दशकं 'चाचणी करा' हे आपण भिंती रंगवून सांगितलं. ती कधी करायची, कुठल्या दिवसाच्या निकालाचा काय अर्थ आणि चाचणीच्याही आधी काय करता येतं, हे कधी सांगितलंच नाही. आमचं म्हणणं सरळ आहे: असुरक्षित संबंधानंतरचं पीईपी प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत चोवीस तास मिळालं पाहिजे, देताना धोक्याची चौकशी व्हावी, चारित्र्याची होऊ नये, आणि एचआयव्हीबद्दलचं लोकशिक्षण लक्षणांवरून काढून तारखांवर आणलं पाहिजे.

लक्षणांपासूनच सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ तिथे आहे.

विषाणू शरीरात शिरल्यावर पहिले काही दिवस तो रक्तात सापडण्याइतकाही नसतो. साधारण दहाव्या दिवसाच्या पुढे त्याची संख्या झपाट्याने वाढते आणि संबंधानंतर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप येतो, घसा दुखतो, मान-काखेतल्या गाठी सुजतात, छाती-पाठीवर लालसर पुरळ उठतं, तोंडात फोड येतात, रात्री घाम सुटतो, जुलाब होतात. काहींना यातलं काहीच होत नाही, किंवा इतकं हलकं होतं की ते 'वातावरण बदललं' म्हणून सोडून देतात. ज्यांना त्रास होतो त्यांचाही तो एक-दोन आठवड्यांत औषधाशिवाय जातो. त्यानंतर उपचार न घेता कित्येक वर्षं माणूस ठणठणीत दिसू शकतो. म्हणजे ताप आला यावरून लागण झाली असं म्हणता येत नाही, नाही आला यावरून सुटलो असं म्हणता येत नाही, आणि आलेला ताप गेला यावरून तर काहीच म्हणता येत नाही. हा तिसरा सापळा सगळ्यांत वाईट, कारण ताप उतरला की माणूस चाचणीचा विचारही सोडून देतो.

त्यात आपला पावसाळा. जुलै ते ऑक्टोबर या काळात महाराष्ट्रात आणि गोव्यात डेंग्यू, चिकुनगुन्या, लेप्टो आणि साधा फ्लू एकाच वेळी फिरत असतात. ताप, अंगदुखी, पुरळ, सुजलेल्या गाठी ही यादी यांतल्या बहुतेकांना लागू पडते. शिवाय भीतीची स्वतःची लक्षणं असतातच. झोप उडते, घाम येतो, पोट बिघडतं, भूक मरते आणि वजन उतरतं. मानेतल्या गाठी दिवसातून चाळीस वेळा चाचपल्या तर त्या दुखू लागणारच. जिभेवरचा पांढरा थर बहुतेकांच्या जिभेवर रोज असतो. फक्त तो रोज कुणी बघत नाही.

तारखेचा हिशेब ठेवला तर बरीच भीती जागच्या जागी गळते. संबंधानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेला ताप एचआयव्हीचा असू शकत नाही, इतक्या लवकर तो येतच नाही. मात्र दोन ते सात दिवसांत लघवीला जळजळ झाली, पू येऊ लागला, तर तो बहुधा परमा असतो, आणि त्यावर लगेच उपचार लागतात. साधारण तीन आठवड्यांनी लिंगावर, योनीपाशी, गुदद्वारापाशी किंवा तोंडात न दुखणारी जखम झाली तर उपदंश तपासायला हवा. ती जखम आपोआप बरी होते आणि आजार आत तसाच राहतो. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये या आजारांवर रंगांनुसार ठरवलेली औषधांची किट मोफत मिळतात. एचआयव्हीच्या धास्तीत बुडालेल्या माणसाला हे आजार आठवत नाहीत, आणि असा आजार अंगात असेल तर एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो.

लक्षणांना महत्त्व आहे ते एकाच ठिकाणी, डॉक्टरच्या टेबलावर. धोक्याच्या संबंधानंतर दोन ते चार आठवड्यांनी ताप, पुरळ आणि तोंडात फोड घेऊन रुग्ण आला, तर डेंग्यूच्या चाचणीसोबत एचआयव्हीचाही विचार व्हायला हवा. होतो किती वेळा? 'गेल्या महिन्याभरात कुणाशी संबंध आला होता का' हा प्रश्न आपल्याकडे तापाच्या रुग्णाला विचारला जात नाही; विचारलाच तर आई किंवा बायको शेजारी बसलेली असताना. याच दिवसांत रक्तातल्या विषाणूची संख्या सर्वाधिक असते, त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यताही सर्वाधिक असते, आणि साध्या अँटिबॉडी चाचणीचा निकाल मात्र निगेटिव्ह येऊ शकतो.

आता चाचण्या. चाचणी कशाला शोधते यावर तिची तारीख ठरते. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, साधारणपणे रॅपिड किट वापरलं जातं. ते अँटिबॉडी शोधतं, म्हणजे विषाणूला शरीराने दिलेलं उत्तर. हे उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे रॅपिड किटला लागण दिसायला २३ ते ९० दिवस लागू शकतात. खासगी लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची चाचणी अँटिबॉडीसोबत पी-२४ नावाचं विषाणूचं प्रथिनही शोधते. शिरेतून रक्त घेऊन मशीनवर ती केली तर १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट ही चाचणी १० ते ३३ दिवसांत पकडते, पण ती महाग आहे, सगळीकडे होत नाही आणि एरवी तिची गरजही पडत नाही.

मग सामान्य माणसाने कॅलेंडरवर काय लिहायचं? पहिली चाचणी लगेच, आज-उद्या. दुसरी सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, जमल्यास ४५ दिवसांनंतर चौथ्या पिढीची. तिसरी तीन महिने पूर्ण झाल्यावर. ४५ दिवसांनंतर केलेल्या चौथ्या पिढीच्या चाचणीचा निकाल निगेटिव्ह असेल आणि पीईपी घेतलेलं नसेल तर निर्धास्त व्हायला हरकत नाही. रॅपिड किट असेल तर तीन महिन्यांची चाचणी झाल्याशिवाय विषय संपत नाही. पीईपी घेतलं असेल तर किट कुठलंही असो, तीन महिन्यांची चाचणी करायचीच, कारण औषधामुळे अँटिबॉडी उशिरा दिसू शकतात. काही केंद्रं सहा महिन्यांचीही चाचणी सांगतात. सांगितली तर करावी.

सगळ्यांत जास्त चूक पहिल्या चाचणीच्या निकालावरून होते. संबंधानंतर चौथ्या दिवशी केलेल्या चाचणीत 'नॉन-रिॲक्टिव्ह', म्हणजे निगेटिव्ह, आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की आधीच्या काळातली लागण दिसत नाही. त्या रात्रीबद्दल तो कागद काहीही सांगत नाही. पण माणूस तो कागद घडी करून पाकिटात ठेवतो आणि निश्चिंत होतो. लॅबने एका ओळीत 'या चाचणीचा निकाल गेल्या तीन महिन्यांतल्या धोक्याबद्दल नाही. पुन्हा चाचणी अमुक तारखेला' असं छापलं तर ही चूक बरीच टळेल. रिपोर्टखाली बारीक अक्षरांत इंग्रजीत असलं काहीतरी असतं खरं. ते कुणासाठी छापलेलं असतं कोण जाणे. मराठीत, ठळक आणि प्रत्यक्ष तारखेसह छापायला कितीसा खर्च येतो?

दुसरी चूक उलट्या बाजूची. 'रिॲक्टिव्ह' हा शब्द पाहून माणसं कोसळतात. पहिल्या चाचणीवरून निदान होत नाही, आणि याचं कारण साध्या गणितात आहे. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. समजा लागण नसलेल्यांपैकी ९९.५ टक्के लोकांना बरोबर निगेटिव्ह सांगणारी चाचणी सर्वसाधारण दहा हजार लोकांवर केली. लागण असलेले वीसच्या आसपास असतील आणि ते सगळे सापडले असं धरू. उरलेल्यांपैकी पन्नासेक जणांचा निकाल चुकून पॉझिटिव्ह येईल. म्हणजे सत्तर रिॲक्टिव्ह निकालांपैकी खरे फक्त वीस. म्हणूनच नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, पद्धतीत वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी तीन किटं वापरतात आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगी लॅबच्या एका रिपोर्टवरून कुणी लग्न मोडत असेल, नोकरी सोडत असेल किंवा जीव द्यायला निघाला असेल, तर त्याला आधी जवळच्या आयसीटीसीत पाठवा. तिथे चाचणी मोफत आणि गोपनीय असते.

लागण झाली की नाही हे कळायला सीडी-४ किंवा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, करू नये. सीडी-४ मोजणी लागण झालेल्यांची प्रतिकारशक्ती किती उरली आहे ते बघण्यासाठी असते. साध्या सर्दीनेही तो आकडा हलतो. तरी 'फुल बॉडी' पॅकेजच्या नादात लोक ते करून घेतात आणि लिम्फोसाइट्सचा आकडा इकडेतिकडे दिसला की आणखी एक महिना झोप घालवतात. फुकट चाचणी होते म्हणून रक्तदान करणं तर गुन्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासली जाते, पण लागण दिसायला लागण्याआधीच्या दिवसांत दिलेलं रक्त तपासणीतून निसटू शकतं आणि ते एखाद्या थॅलेसेमियाच्या मुलाला चढू शकतं. तीन महिने पूर्ण होईपर्यंत तरी रक्तदान नको, कंडोमशिवाय संबंध नकोत, मग तो नवऱ्याशी असो की बायकोशी.

आता मुख्य मुद्दा, ते तीन दिवस.

पीईपीचं तत्त्व असं की विषाणू शरीरात शिरला तरी पक्कं ठाण मांडायला त्याला काही तास ते काही दिवस लागतात. तेवढ्यात औषधाने त्याचं पुनरुत्पादन थांबवलं तर लागण टळू शकते. पहिला डोस जितक्या लवकर तितका चांगला. दोन तासांत मिळाला तर उत्तम. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. सध्याच्या पद्धतीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम असलेली एकच गोळी रोज एकदा, ठरलेल्या वेळी, २८ दिवस घ्यायची. ही तीच टीएलडी गोळी, जी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या, केंद्रांतून एचआयव्ही असलेल्या लाखो लोकांना दर महिन्याला दिली जाते.

यात चुका कुठे होतात? चाचणीचा निकाल येईपर्यंत पहिला डोस रोखून धरतात, आणि शनिवार-रविवार मधे आला की ७२ तास तिथेच संपतात. आधी डोस, मग रक्त. दहाव्या-बाराव्या दिवशी मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं याला कंटाळून लोक गोळी सोडतात. हे त्रास बहुधा हलके असतात आणि कमी होत जातात. ॲसिडिटीवरची अँटासिड, कॅल्शियम, लोह किंवा झिंकच्या गोळ्या डोल्युटेग्रॅविरसोबत घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही. पीईपीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, क्षयाचं रिफॅम्पिसिन चालू असेल, किडनीचा आजार असेल तर डॉक्टरला आधी सांगायलाच हवं. सुरुवातीलाच क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बी तपासतात, कारण टेनोफोव्हिर किडनीवर परिणाम करू शकतं आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाने २८ दिवसांनी गोळी अचानक बंद केली तर यकृताचा आजार उसळू शकतो. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर तीही याच भेटीत सुरू करावी. बाईला ७२ तासांतली गर्भनिरोधक गोळीही हवी असेल तर दोन्ही सोबत चालतात. डोल्युटेग्रॅविरमुळे तिचा परिणाम कमी होत नाही. आणि डेटॉल, लिंबू, मिठाचं पाणी यांनी योनी किंवा लिंग चोळून धुणं थांबवा. त्याने विषाणू जात नाही. त्वचेला बारीक चिरा पडतात आणि त्याला वाट मिळते.

पीईपी सगळ्यांना लागत नाही, हेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. चुंबन, हस्तमैथुन, शेवटपर्यंत न फाटलेल्या कंडोमसह झालेला संबंध, यासाठी ते नको. मुखमैथुनातला धोका अगदी कमी, तिथेही सहसा नको. जोडीदार एचआयव्हीसह जगत असेल, पण नियमित एआरटी घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातली विषाणूची संख्या, तपासणीत सापडत नसेल, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. उपचार लवकर सुरू केल्याने जोडीदाराचं संरक्षण होतं हे २०११ साली ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवलं, त्यात पुण्याच्या भोसरीतली 'नारी' ही तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती.

उरलेल्या संबंधांमधला धोका आकड्यांत बघू. जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तो उपचार घेत नाही असं धरलं, तर एका असुरक्षित संबंधातली लागणीची शक्यता दर दहा हजारांमागे साधारण अशी मानली जाते: गुदमैथुन करून घेणाऱ्याला १३८, करणाऱ्याला ११, योनीमैथुनात बाईला ८, पुरुषाला ४. आणि एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचलेल्या नर्सला २३.

हा शेवटचा आकडा थोडा वेळ डोळ्यांसमोर ठेवा. नर्सला सुई टोचली तर पीईपी मिळणं हा तिचा हक्क मानला जातो, आणि तो असलाच पाहिजे. सरकारी सूचनांनुसार त्यासाठी ही औषधं रुग्णालयात चोवीस तास हाताशी ठेवायची असतात. म्हणजे गोळी कॅज्युअल्टीच्या कपाटात आहेच. लैंगिक अत्याचार झालेल्यांनाही ती द्यायची असते, आणि कायद्याने सरकारी काय, खासगी रुग्णालयालाही अशा व्यक्तीवर मोफत उपचार करणं बंधनकारक आहे, पोलिस तक्रार होण्याची वाट न बघता. पण सहमतीने आलेल्या संबंधात कंडोम फाटला म्हणून कुणी रात्री अकराला जिल्हा रुग्णालयात गेला, तर राष्ट्रीय कार्यक्रमाने त्याच्यासाठी स्पष्ट वाट ठेवलेली नाही. नर्सपेक्षा सहापट धोका घेऊन आलेल्या समलिंगी मुलाला 'सकाळी ओपीडीत ये' असं सांगितलं जातं, किंवा 'लग्न झालंय का' असं विचारलं जातं. धोका हा निकष असता तर हे झालं नसतं. इथे निकष आहे तो 'निष्पाप कोण' हा. विषाणूला तो समजत नाही.

ज्यांच्याकडे पैसे आणि ओळखी आहेत ते मुंबई-पुण्यात खासगी डॉक्टरकडून चिठ्ठी घेतात आणि मोठ्या रुग्णालयाजवळच्या मेडिकलमधून गोळ्या मिळवतात. बार्शी, अहेरी किंवा सावंतवाडीतल्या माणसाने ७२ तासांत हे कसं जमवायचं?

यावर हरकती येतात, आणि त्या टाळून चालणार नाही. पहिली: असं औषध सहज मिळू लागलं की लोक बेफिकीर होतील. ७२ तासांतली गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीशिवाय द्यायचं ठरलं तेव्हाही हाच युक्तिवाद झाला होता. २८ दिवस रोज गोळी, तीन-चार वेळा रक्त आणि तीन महिने धाकधूक, ही कुणी हौसेने पत्करण्याची गोष्ट नाही. तरीही तोच माणूस तीन महिन्यांत दुसऱ्यांदा आला, तर तो बेफिकीर आहे यापेक्षा त्याचा धोका सततचा आहे हे त्यातून कळतं. त्याला ओरडण्यापेक्षा प्रेप, म्हणजे संबंधांच्या आधीपासून चालू ठेवायचं प्रतिबंधक औषध सुचवायला हवं. ते आपल्याकडे मिळतं, पण मुख्यतः खासगीत. एरवी हातातून निसटणारा असा माणूस पीईपीच्या निमित्ताने व्यवस्थेच्या दारात येतो.

दुसरी हरकत औषधाला दाद न देणारे विषाणू तयार होण्याची. तो धोका लागण झालेल्या माणसाला अपुरं औषध दिल्याने असतो. म्हणून तर सुरुवातीची आणि नंतरची चाचणी पीईपीचा भाग आहे. लागण नाही, तिथे प्रतिकार तयार करायला विषाणूच नाही.

तिसरी हरकत खर्चाची, आणि ती सगळ्यांत लंगडी आहे. २०२३ मध्ये ग्लोबल फंडने टीएलडीची किंमत वर्षाला माणशी ४५ डॉलरच्या खाली आणली. त्या भावाने २८ गोळ्यांचे तीनशे रुपयांच्या आसपास होतात. लागण झालेल्या माणसाला हीच गोळी आयुष्यभर सरकारच देतं, आणि दिलीच पाहिजे. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. राज्यांमध्ये सर्वाधिक, चार लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आहेत. त्यांची संख्या वाढू न देण्यासाठी एका कोर्समागे तीनशे रुपये जास्त होतात, असं म्हणणाऱ्याने वहीत आकडे मांडून दाखवावेत.

सक्तीच्या चाचणीचा आग्रह मात्र मधूनमधून जोर धरतो. लग्नापूर्वी एचआयव्ही चाचणी बंधनकारक करावी हा विषय गोव्यात २००६ मध्ये मंत्रिमंडळापर्यंत पोचला होता आणि २०२४ मध्ये पुन्हा चर्चेत आला. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. पण लग्नाच्या आदल्या महिन्यात झालेली लागण त्या चाचणीत कदाचित दिसणार नाही, आणि त्या कागदावर विसंबून दोघं कंडोम बाजूला ठेवतील. लग्नानंतर होणाऱ्या लागणीबद्दल तर ती काही सांगूच शकत नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि निकाल गुप्त ठेवायचा, हे त्याने बंधनकारक केलं आहे. दोघांनी मिळून, स्वेच्छेने, तारखा समजून चाचणी करणं यासारखं चांगलं काही नाही. पण ती सक्ती झाली की लोक बनावट रिपोर्ट आणतात. आणलेला कागद तपासणार कोण, तर लग्न नोंदणीचा कारकून.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. चाचणीला पालकाची संमती लागते, आणि पॉक्सो कायद्यामुळे मुलीने किंवा मुलाने संबंध आल्याचं सांगितलं की डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग पडतं. परिणामी सतरा वर्षांचा मुलगा डॉक्टरकडे जातच नाही. कायदा बदलेपर्यंत एवढं तरी करता येईल की कळवण्याची प्रक्रिया चालू असताना पहिला डोस थांबवायचा नाही.

राज्याला करायच्या गोष्टी फार नाहीत. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत आज जो पीईपीचा डबा कर्मचाऱ्यांसाठी आहे, तो धोक्याच्या लैंगिक संबंधानंतर येणाऱ्या कुणासाठीही खुला करणारं एक परिपत्रक. रात्रपाळीच्या मेडिकल ऑफिसरसाठी एका पानाचा तक्ता: संबंध कोणता, किती तास झाले, जोडीदाराची स्थिती माहीत आहे का, डोस द्यायचा की नाही. औषध चार-पाच दिवसांचं देऊन 'पुढचं सोमवारी एआरटी केंद्रातून घ्या' असं सांगितलं की बरेच जण परत येत नाहीत, म्हणून २८ गोळ्या पहिल्याच भेटीत. जागतिक आरोग्य संघटना २०१४ पासून पूर्ण कोर्स एकदम देण्याची शिफारस करते. २०२४ मध्ये तर तिने पीईपी रुग्णालयाबाहेर, वस्तीपातळीवर आणि डॉक्टरांशिवाय इतर प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनीही द्यावं असं सुचवलं. आपल्याकडे गावपातळीवर एचआयव्हीचं काम करणारे लिंक वर्कर आहेत, धोका जास्त असलेल्या लक्ष्यगटांसोबत काम करणाऱ्या संस्था आहेत, १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. त्या क्रमांकावर फोन करणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न 'काय होतंय' हा नसावा. 'किती तास झाले' हा असावा, आणि उत्तर बहात्तरच्या आतलं असेल तर पुढच्या वाक्यात त्याच्या जवळच्या कॅज्युअल्टीचं नाव.